पोस्टाच्या कोपऱ्यावरची बाई

माउंट प्लेझंट, साउथ कॅरोलिना
सोमवार, १८ एप्रिल १९८८

व्हर्नेल,

फोनच करणार होते. पण फोनवर मी जरा आवाज चढवला की तू "दारावर कोणीतरी आलंय गं" म्हणतेस आणि ठेवून देतेस. अठरा वर्षं तुझ्या दारावर कोणीतरी आलेलंच आहे. पत्र असं मधेच ठेवून देता येत नाही, म्हणून लिहायला बसले.

एकच विचारते, आणि सरळ उत्तर दे. आपली केझाया गेल्या आठवड्यात चार्ल्सटनला येऊन गेली का?

काल चर्चमधून निघताना अर्लीन पायरीवर उभी. ही अर्लीन तुला आठवत असेलच, लहानपणी तिच्या नाकात सदा शेंबूड असायचा. आता ती बाजाराच्या विटांच्या शेडमध्ये गवताच्या शिवलेल्या टोपल्या घेऊन बसते आणि मी पोस्टाच्या कोपऱ्यावर. तिचं गिऱ्हाईक सावलीत, माझं उन्हात. चाळीस वर्षं आम्ही एकमेकींकडे बघून हसतो आणि मनातल्या मनात बोटं मोडतो. तर ती माझा दंड धरून म्हणाली, "इडेला, काल तुझ्या लोरीनची आठवण आली गं. तुझी नात आली होती ना माझ्याकडे. तेच फटीचे दात, तसंच मान कलती करून ऐकणं."

मी म्हटलं, "माझी नात?"

"तर काय. फिलाडेल्फियाची चार-पाच पोरींची टोळी होती. ही एकटीच टोपल्यांपाशी रेंगाळली. म्हणाली, मी थोडं शिवून बघू का? मी म्हटलं बघ. तासभर माझ्या बाकड्यावर बसली होती. मग मैत्रिणीने ‘केझाया’ म्हणून हाक मारली तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, तोवर ती पळालीच. तुझ्याकडेच उतरली असेल, नाही का?"

आता मी काय सांगायचं? माझी नात शहरात आली, आणि ती मला न भेटता अर्लीनच्या बाकड्यावर बसून गेली, असं सांगायचं? मी म्हटलं, "हो तर. लाल भात केला होता, दोनदा वाढून घेतला तिने." देवाच्या पायरीवर उभी राहून खोटं बोलले, व्हर्नेल. अर्लीन म्हणाली, "बरं झालं हो," आणि तिने पर्समधून टोपलीचं एक बशीएवढं बूड काढून माझ्या हातात दिलं. पोरीचं अर्धं राहिलेलं काम. मी ते न बघता पिशवीत कोंबलं. अर्लीनने शिकवलेलं काम बघायची माझी इच्छा नव्हती.

कालपासून मी नुसती फणफणतेय. मला न शिकवू देता तिला दाभण धरायला शिकवलं कोणी, तर अर्लीनने. सगळ्या जगात हीच सापडली.

लगेच लिही.

इडेला


फिलाडेल्फिया
२५ एप्रिल

प्रिय इडेला,

किती तापतेस गं. वय झालं आता आपलं, रक्तदाब बघत जा.

हो, केझाया येऊन गेली. शुक्रवारी गेली, रविवारी परतली. नर्सिंगची परीक्षा संपली म्हणून पाच मैत्रिणींनी पैसे जमवून ठरवलेली सहल. तुला कळवायचं राहून गेलं, ते माझं चुकलं. पण अडीच दिवसांत त्यांनी काय काय केलं ते ऐकशील तर तुलाच पटेल, की वेळ नव्हताच. घोडागाडीतून गावात फिरल्या, बोटीने समटर किल्ल्यावर जाऊन आल्या, समुद्राच्या भिंतीवर चालून चालून एकीच्या टाचेला फोड आला. रंगीत घरांच्या रांगेसमोर प्रत्येकीचा वेगळा फोटो. तिळाची बिस्किटं आणलीत, अर्धी वाटेतच संपवलेली. घोड्यांच्या शेपटीखाली झोळी बांधतात त्याचंच त्यांना किती कौतुक. तरुण पोरी त्या. म्हाताऱ्या माणसाच्या ओसरीवर बसून खुशालीच्या गप्पा मारायला जातात का?

खरं सांगू, इथे मीच कंटाळले आहे. आल्यापासून तिच्या तोंडी दुसरा विषय नाही. तिथली हवा अशी, तिथली माणसं वाटेत थांबून बोलतात, ओहोटीला चिखलाला वास येतो आणि तो सुद्धा हिला आवडला. मी म्हटलं, बाई गं, त्या वासातून सुटायला मी एकोणीस वर्षांची असताना गाडीत बसले. तर हसली.

अर्लीनचं एवढं मनावर घेऊ नकोस. पोरीने तासभर गंमत केली, संपलं. केझायाला इथल्या मोठ्या इस्पितळात नोकरी लागली आहे. जूनच्या सुरुवातीला हजर व्हायचं. पांढरे गणवेश मीच शिवले, तीन. सगळं ठरलेलं आहे.

गुडघ्याला तेल लाव.

तुझी बहीण,
व्हर्नेल


माउंट प्लेझंट
२ मे

व्हर्नेल,

माझ्या गुडघ्याचं राहू दे.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी पिशवीतून ते बूड काढलं. म्हटलं चुलीत घालावं. उजेडात धरलं आणि जागच्या जागी बसले. फेर उलटा आहे. गाठीपासून शेवटच्या टाक्यापर्यंत सगळे वेढे उलटे फिरलेले. आणि टाके नवशिकीचे नाहीत. एका मापाचे आहेत, सुतासारखे. तासाभरात असा हात बसत नाही, त्याला वर्षं लागतात.

या अख्ख्या रस्त्यावर, बाजारात, पोस्टापाशी, कोणीही बाई उलटा फेर शिवत नाही. अर्लीन तर नाहीच नाही. उलटा फेर शिवणारी एकच बाई मला माहीत आहे. ती डावरी आहे, आणि ती मला गेली तीस वर्षं सांगत आली आहे, "माझी बोटं ते सगळं विसरली गं."

स्टेशनवरचा तो दिवस आठवतो का? माझ्या लेकीला, लोरीनला, पुरून आठ दिवस झाले होते. रूफस कोळंबीच्या बोटीवरून पडून अंथरुणाला खिळलेला, नवऱ्याचं सगळं मलाच करावं लागे. चार वर्षांची केझाया घेऊन मी कोपऱ्यावर बसायचे, ती रस्त्यात धावायची. तू म्हणालीस, दे माझ्याकडे, मला मूलबाळ नाही, वर्षभर सांभाळते. मी म्हटलं, ने. तिला शाळेत घाल, बायबल शिकव, केस विंचरायला शिकव, सगळं शिकव. टोपली मात्र शिकवू नकोस. ती माझ्या लोरीनची पोर आहे, टोपली तिला मी शिकवणार. तू माझ्या हातात हात देऊन हो म्हणालीस. वर्षाची अठरा वर्षं झाली. दर उन्हाळ्यात मी बोलावलं. एकदा तिला गोवर, एकदा शिबिर, एकदा परीक्षा, एकदा तुझी पाठ. मी मूर्खासारखी तुझ्या पाठीसाठी प्रार्थना केली.

मी अर्लीनवर जळत बसले होते. पंधरा दिवस त्या बिचारीशी धड बोलले नाही. आणि आयत्या बिळावर नागोबा होऊन बसली होतीस तू.

ऐक. माझ्या उजव्या अंगठ्याचं हाड सरकलं आहे. डॉक्टर म्हणतो, अजून दोन वर्षं शिवाल, फार तर तीन. गवत जिथे वाढायचं तिथे आता गोल्फची मैदानं झाली, कुंपणं पडली. ते कुठून कसं आणायचं, कुठलं उपटायचं, कुठलं ठेवायचं, आईने दिलेल्या आकारांना काय म्हणायचं, हे सगळं माझ्यापाशी आहे. दुसऱ्या कोणापाशी नाही. मी गेले की ते मातीत जाईल. तिला या उन्हाळ्यात माझ्याकडे पाठव. तीन महिने. इस्पितळ कुठे पळून जात नाही.

आणि एवढं सांग, ती शहरात असताना माझ्याकडे का आली नाही? वेळ नव्हता म्हणू नकोस. अर्लीनकडे तासभर वेळ होता.

इडेला


फिलाडेल्फिया
१५ मे

इडेला,

तीन वेळा लिहिलं आणि फाडलं. आता जसं येईल तसं लिहिते.

हो, मी शिकवलं. तू स्टेशनवर माझ्याकडून वचन घेतलंस तेव्हा मला काय वाटलं ते तू विचारलं नाहीस. तुला वाटलं मी लहानपणचं सगळं विसरले. आईने तुला मांडीत बसवून दाभण हातात दिला. मी तोच दाभण डाव्या हातात धरला तर माझ्या बोटांवर पळी मारली. एकदा नाही, रोज. मी तरी शिवत राहिले. माझ्या टोपल्या ढिगात सगळ्यात खाली असायच्या. एकदा एका गिऱ्हाईक बाईने खालून ओढून काढली आणि विचारलं, ही अशी उलटी का? आई म्हणाली, "ती होय, ती पोरीने खेळायला केलीय." मी सोळा वर्षांची होते, इडेला. ती टोपली करायला मला अकरा दिवस लागले होते. तू शेजारी बसली होतीस. तू मान खाली घालून तुझं शिवत राहिलीस. तुझ्या दोन विकल्या गेल्या त्या दिवशी.

मग मी गाव सोडलं, टोप्यांच्या कारखान्यात लागले, आणि ते सगळं संपलं असं मला खरंच वाटलं होतं.

केझाया नऊ वर्षांची असताना तिला गालगुंड झालं. दोन आठवडे घरात. रोज तिचा एकच प्रश्न, आजी तिकडे काय करते? टोपली कशी करते? त्याच नाताळला तू झाकणाची मोठी टोपली पाठवली होतीस. मी तुला कळवलं होतं, टपालात हरवली. हरवली नव्हती. मी ती उसवली. इथे गवत मिळत नाही, म्हणून तुझ्या टोपलीचं गवत काढून मी पोरीला शिकवलं. टाके घालायच्या तुझ्या ताडाच्या पट्ट्या तुटल्या, तर कारखान्यातून टोप्यांच्या पट्ट्या आणल्या. तुझे टाके इतके घट्ट होते की उसवायला तीन दिवस लागले. आणि आता विचारलंच आहेस तर ऐक, उसवताना मला बरं वाटलं. प्रत्येक टाक्याला बरं वाटलं.

पोरीने दाभण उचलला तो डाव्या हाताने. माझं बघून असेल, किंवा तिचा हातच तसा असेल. मी तो तसाच राहू दिला. मला रडू आलं ते चुलीच्या धुरावर ढकललं, आणि आमच्याकडे चूल गॅसची आहे.

आता दुसरं. तिला तुझ्याकडे यायचं होतं. सहलीला निघायच्या आधी म्हणाली, पहिल्या दिवशीच आजीच्या कोपऱ्यावर जाते, आश्चर्याचा धक्का देते. मी सांगितलं, तुझी आजी त्या आठवड्यात चर्चच्या कामाला बोफर्टला गेली आहे, घराला कुलूप असेल. उगाच गावात चौकशी करत फिरू नको, तिथले लोक राईचा पर्वत करतात. तिने माझं ऐकलं. ती नेहमी ऐकते.

का केलं विचारशील. मला भीती वाटली. ती एकदा तुझ्या ओसरीवर बसली, एकदा तुझ्या हातचं जेवली, की माझ्याकडे उरलं काय? लहानपणी आईने सगळं तुला दिलं. मला एकच मिळालं होतं, ते सुद्धा उसनं.

आता हे सांगणार नव्हते, पण सगळं ओकलेच आहे तर हेही घे. तिने तिकडे काढलेले फोटो धुऊन आले. त्यातला एक तिने मोठा करून घेतला आणि स्वतःच्या खोलीत लावला आहे. पोस्टाचा कोपरा, टोपल्यांची रांग, आणि मागे ताठ बसलेली एक बाई, चेहऱ्यासमोर ताडाचा पंखा धरून. केझाया मैत्रिणींना सांगते, "या बाईने मला असं झापलं की मी पळत जाऊन घोडागाडीत परत चढले. काय रुबाब होता पण." तिला ठाऊक नाही ती बाई कोण ते. मला पंख्याआड सुद्धा तुझा हात ओळखू आला. पंधरा दिवस मी तो फोटो रोज बघते आणि गप्प बसते.

आता तू मला काय म्हणायचं ते म्हण.

व्हर्नेल


माउंट प्लेझंट
२१ मे

व्हर्नेल,

शनिवारची सकाळ होती. मला आठवते ती पोर.

घोडागाडी थांबली होती आणि गाडीवान नेहमीसारखं खोटंनाटं रंगवून सांगत होता. एक पोर खाली उतरली. उन्हाची टोपी डोळ्यांपर्यंत आणि तिच्या तोंडावर कॅमेरा. मी पंखा वर केला. दिवसाला पन्नास जण फोटो काढतात आणि टोपलीला हात लावत नाहीत, तुला माहीत आहे माझं डोकं कसं फिरतं. मी म्हटलं, "आम्ही काही चौकातले पुतळे नाही, पोरी. घ्यायचं असेल तर घे, नाहीतर पुढे चालती हो."

ती म्हणाली, "माफ करा, मॅम. चुकलं माझं." आवाज अगदी मऊ. मनात आलं, कुणीतरी नीट वाढवलं आहे हिला. आणि तरी मी पंखा खाली केला नाही. तिच्या तोंडावर कॅमेरा, माझ्या तोंडावर पंखा. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

मग ती अर्लीनकडे गेली असणार. अर्लीनने तिला बस म्हटलं. मी चालती हो म्हटलं.

टोपली उसवलीस त्याचं मला काय वाटलं ते मी लिहीत नाही. आईच्या त्या बोलण्याच्या वेळी मी मान खाली घातली होती, हे खरं आहे. मी बारा वर्षांची होते आणि माझ्या दोन विकल्या गेल्या म्हणून मला आनंद झाला होता. हेही खरं आहे.

तिचं नाव घालून मी सरळ तिलाच पत्र पाठवू शकते. चार वेळा पाकीट काढलं. पण नाही पाठवत. तू सांग तिला. बोफर्टचं सांग, फोटोचं सांग. तुझ्या तोंडून ऐकू दे तिला. खोटं तुझं आहे, ते तूच मोड.

इडेला


फिलाडेल्फिया
६ जून

इडेला,

सांगितलं. गेल्या रविवारी, ती गणवेशाला इस्त्री करत होती तेव्हा. सगळं सांगितलं, टोपलीचं सुद्धा.

तिने इस्त्री उभी ठेवली. खोलीत जाऊन फोटो काढून आणला, टेबलावर ठेवला. मग एवढंच म्हणाली, "मी माझ्या आजीलाच मॅम म्हटलं." ओरडली असती तर बरं झालं असतं. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. त्या दोन दिवसांत मी तीन वेळा लाल भात केला आणि तीन वेळा एकटीने जेवले.

बुधवारी तिने इस्पितळात जाऊन सांगितलं, सप्टेंबरपासून येते. ते हो म्हणाले, चांगल्या पोरीला कोण नाही म्हणतं. येत्या शुक्रवारी सकाळच्या बसने निघते आहे. शनिवारी तुझ्याकडे. मी तिला बुटाच्या खोक्यात तळलेली कोंबडी आणि केक बांधून देणार आहे. ती म्हणते, वाटेत सगळीकडे खायला मिळतं आता, तरी देणार आहे. तिला डाव्या कानाने थोडं कमी ऐकू येतं, त्या बाजूने बोलू नकोस. कोंबडीचं कातडं ती खात नाही. मासिक पाळीच्या दिवसांत चिडते, तेव्हा अंगावर येऊ नकोस.

सप्टेंबरला परत येईन म्हणाली. मी हो म्हटलं. तू सुद्धा एकदा स्टेशनवर हो म्हणाली होतीस, मी फक्त एक वर्ष म्हटलं तेव्हा.

घर आत्ताच मोठं झाल्यासारखं वाटतंय आणि ती अजून गेलेली सुद्धा नाही. तू जिंकलीस, इडेला. आपल्यात नेहमी तूच जिंकत आलीस. एक मागते, आणि हे आयुष्यात पहिल्यांदा मागते. तिचा हात सरळ करायला जाऊ नकोस.

व्हर्नेल


माउंट प्लेझंट
११ जुलै

व्हर्नेल,

महिना झाला, एक ओळ लिहिली नाही, म्हणून तू रागावली असशील. पोर तुला आठवड्याला दोन पत्रं टाकते, मला दिसतं. माझ्याकडे पोस्टाचं तिकीट मागते आणि मी देते. कोपरा पोस्टाचाच आहे, नाही तरी कसं म्हणणार?

तू म्हणतेस मी जिंकले. बघ काय जिंकले ते. पहिल्याच दिवशी मी तिचा हात धरला आणि दाभण उजवीकडे दिला. तुझं मागणं मी वाचलं होतं, तरी दिला. तिने तो परत डाव्या हातात घेतला आणि मला म्हणाली, "आजी, तू मला सगळं शिकव. हे सोडून." अगदी तुझ्यासारखी हनुवटी वर काढून म्हणाली. मी उठून अंगण झाडून आले, दोनदा.

दिवसभर माझ्या कानाशी तुझ्या नावाचा एकच जप. नेलमावशी भातात कांदा आधी घालते. नेलमावशी कपड्याच्या घड्या अशा करते. नेलमावशी म्हणते, दमल्यावर पाय मिठाच्या पाण्यात ठेवावेत. मी एकदा म्हटलं, "नेलमावशीला पाय ठेवायला पाणी मीच दाखवलं, समुद्र इथे आहे." तर खो खो हसली आणि म्हणाली, "आजी, तू जळतेस." हो म्हटलं. जळते. लपवू कशाला?

पण शिकते चटकन. कुंपणापलीकडे गवत आणायला गेलो तर सापाला न घाबरता शिरली. आईने दिलेले सगळे आकार तिला आता येतात. सरळ नाही, उलटे येतात. मी आधी तिच्या टोपल्या रांगेच्या टोकाला मांडायचे. मग एक दिवस माझं मलाच दिसलं मी काय करतेय ते, आणि मी त्या उचलून पुढे ठेवल्या. अर्लीन येऊन बघून गेली. म्हणाली, "इडेला, ही व्हर्नेलचीच पोर." मला तिचा गळा दाबावासा वाटला.

आता जे लिहायला बसले आहे ते लिहिते. हे तुला कळवायचं नाही असं मी ठरवलं होतं. चार दिवस कळवलंही नाही. त्या चार दिवसांत मला तुझी बोफर्टची थाप नीट समजली.

गुरुवारी ओहायोची एक बाई आली, नवरा आणि छत्री घेऊन. केझायाची टोपली उचलली, फिरवून फिरवून बघितली. म्हणाली, सगळ्यांचे वेढे असे जातात, हिचे तसे का? मी तोंड उघडणारच होते, आईसारखंच काहीतरी निघणार होतं त्यातून. तेवढ्यात पोर मान वर न करता म्हणाली, "आमच्या घरात दोन्ही हातांनी शिवतात." ती बाई म्हणाली, "किती सुरेख. कोणी शिकवलं तुला?"

मी वाट बघत होते, व्हर्नेल. महिनाभर उन्हात तिच्या शेजारी बसले होते. अंगठा सुजेपर्यंत दाखवलं होतं. मला वाटलं, आता म्हणेल, आजीने.

ती म्हणाली, "माझ्या आईने. फिलाडेल्फियाला असते ती."

टाका ओढता ओढता म्हणाली, सहज. आपण काय बोललो हे तिला कळलं सुद्धा नसेल. बाई निघून गेली, टोपली घेऊन. मी पंखा हलवत राहिले.

तुला ती तोंडावर मावशीच म्हणते. मला माहीत आहे, कारण स्टेशनवर मी तुला हेही बजावलं होतं, की तिला आई म्हणू देऊ नकोस, आई तिची लोरीन आहे. ते तू पाळलंस. टोपलीचं मोडलंस, हे पाळलंस. म्हणून तो शब्द तुला कधीच ऐकायला मिळाला नसेल.

तो शब्द माझ्या मुलीचा होता. गुरुवारपासून छातीत काहीतरी करपतंय, आणि ते तुझ्यामुळे. तरी हे दुसऱ्या कोणाकडून तुझ्या कानावर जायला नको. ती "आई" म्हणाली, व्हर्नेल, आणि लोरीनबद्दल बोलत नव्हती.

इडेला